करंजकोंडची शाल

"मला स्वप्नं पडत नाहीत," अण्णा म्हणाले. "मला पित्त आहे. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, तर देवी येणार कधी?"

आम्ही करंजकोंडच्या देवराईच्या तोंडाशी उभे होतो. समोर वनखात्याचा नवाकोरा फलक होता, हिरव्यावर पांढरी अक्षरं. ही पुराणी राई ग्रामस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने आणि एकजुटीने जपली आहे, असं त्यावर लिहिलं होतं. पुढे असंही होतं की, पूर्वी एकदा ती तोडायला आलेले ठेकेदार श्री. गजानन रेडीज यांनी कुऱ्हाड उगारताच देवीने त्यांना दृष्टांत दिला, तेव्हा ते कुऱ्हाड तिथेच ठेवून माघारी गेले. अण्णांनी हे सगळं चष्मा वर करून एकदा आणि खाली करून एकदा वाचलं.

"एकजुटीने," ते पुटपुटले आणि त्यांना ठसका लागला.

अण्णा म्हणजे माझे सासरे, आणि फलकावरचे गजानन रेडीज ते हेच. चिपळूणला आमची लाकडाची वखार होती, मागे करवतीची गिरणी. मी लग्न होऊन आले तोवर दोन्ही संपलं होतं आणि वखारीच्या जागी सिमेंटचे पत्रे, नळाच्या तोट्या आणि रंगाचे डबे विकायचं दुकान झालं होतं. गिरणीची खूण म्हणून न्हाणीघरामागे एक भलंमोठं गोल पातं भिंतीला टेकवलेलं होतं. करंजकोंडच्या बुंध्यांसाठी अण्णांनी ते मुद्दाम मागवलं होतं. त्याने जन्मात एक ढलपी कापली नाही. मी त्याच्यावर पायपुसणी वाळत घालायची.

"त्या रानाने मला बसवलं," असं अण्णा अधूनमधून म्हणायचे, आणि घरात सगळ्यांना ती हकीकत पाठ होती. करंजकोंडात दोन मानकरी घराणी, वरच्या वाडीचे चाळके आणि खालच्या वाडीचे नलावडे. राई सोमजाई देवीची, म्हणजे दोघांची. गावाला रस्ता हवा होता आणि पैसा तेवढा राईतच उभा होता. गुरवाने देवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि उजवीकडची पाकळी पडली तर देवीचा होकार. उजवी पडली. तोडीचा ठेका अण्णांना मिळाला, झाडांवर खुणा झाल्या. तोड सुरू व्हायच्या सकाळी पहिल्या झाडाच्या बुंध्याशी नारळ कोणी फोडायचा, यावरून चाळके आणि नलावडे यांची जुंपली. डोकी फुटली, पोलीस आले, प्रकरण कोर्टात गेलं. कोर्ट म्हणालं, जैसे थे. ते जैसे थे चाळीस वर्षं झाली तरी तसंच होतं. ठेक्यात अण्णांचा सगळा पैसा अडकला. राई उभी राहिली आणि आमची गिरणी आडवी झाली.

आणि आता त्याच राईत अण्णांचा सत्कार होता. वनखात्याने आत फिरायला पायवाट बांधली होती, तिचं उद्घाटन होतं. त्या निमित्ताने दोन्ही घराण्यांचे कर्ते, दत्ताराम चाळके आणि भार्गव नलावडे, एकमेकांशी बोलायला लागले होते. भांडण कोणाचं नव्हतं, राई वाचली ती देवीच्या दृष्टांतामुळे, असं म्हटलं की दोघांचीही अब्रू राहत होती. त्यासाठी दृष्टांत झालेला माणूस लागत होता, आणि तो सुदैवाने जिवंत होता. आमंत्रणपत्रिका मात्र दोन आल्या. एकीवर चाळक्यांचं नाव वर आणि नलावड्यांचं खाली, दुसरीवर उलट.

"ज्या गावाने आपल्याला धुळीला मिळवलं, त्या गावची शाल घेणार तुम्ही?" माझा नवरा, नितीन, म्हणाला.

"शाल गावची कुठे असते? दुकानातली असते," अण्णा म्हणाले. "तू नको येऊस. वासंती गाडी चालवेल."

मला त्यांचं मन कळत होतं. आमच्या बाजारपेठेत शाल न मिळालेला माणूस दिवा घेऊन शोधावा लागला असता. पतपेढीच्या संचालकांना मिळाली होती, वाचनालयाच्या शिपायाला मिळाली होती, एकाला तर नुसत्या साठीबद्दल मिळाली होती. अण्णा दर वेळी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. बुडालेल्या माणसाला कोणी शाल घालत नाही. त्या दिवशी ते सकाळीच केस कापून आले आणि त्यांनी ट्रंकेतला लग्नाकार्याचा कोट काढला. गाडीभर डांबरगोळ्यांचा वास येत होता, पण मी काच खाली केली नाही.

फलकापाशी दत्ताराम चाळके सामोरे आले. उंच, गोरे, पांढऱ्या शर्टाच्या खिशात मोबाइल.

"या गजाशेट, या. किती वरसांनी पाय लागले तुमचे. आधी राय बघू, मंग देवळात जाऊ."

पायवाट जांभ्या दगडाची होती, दोन्ही बाजूंना दोरी बांधलेली. आत शिरलो आणि उन्हाळ्याचं ऊन कुठच्या कुठे राहिलं. बेहडे, किंजळ, सातवीण. बुंधे असे की चौघांनी हात धरले तरी कवेत आले नसते. गारंबीचे वेल माणसाच्या मांडीएवढे, एका झाडावरून उतरून दुसऱ्यावर चढलेले. खाली पानांचा थर, पाऊल टाकलं की दबणारा. मी मान वर करून बघत राहिले आणि दोनदा अडखळले. आमच्याबरोबर वनपाल सुर्वेबाई होत्या आणि एक पिवळ्या शर्टातले गृहस्थ होते.

"हे आमचे पावणे," दत्ताराम त्यांच्याबद्दल म्हणाले. "घाटावरचे."

एका किंजळापाशी दोरी थोडी मोकळी सोडलेली होती. खोडावर छातीच्या उंचीला एक जुनी जखम भरून आली होती. सालीच्या दोन कडा दोन्हीकडून मिटत आल्या होत्या आणि मधे फट राहिली होती. थेट पापण्यांसारखी. वर हळदकुंकू, खाली वाळलेली फुलं.

"हा देवीचा डोळा," दत्ताराम म्हणाले. "आपसूक उघडलाय. दृष्टांत झाला ना तुमाला, तवाच. नमस्कार करा गजाशेट."

अण्णांनी वाकून पाहिलं. मग माझ्याकडे झुकून, ओठ न हलवता म्हणाले, "साल तासून हातोड्याचा शिक्का मारला होता मी. तोडीची खूण. त्या फटीत अजून माझं 'रे' असेल."

"मग नमस्कार?" मी विचारलं.

"करतो की. माझ्या अक्षराला एवढा मान बँकेतसुद्धा मिळाला नाही."

त्यांनी हात जोडले. दत्ताराम सद्‌गदित झाले.

पुढे चालताना अण्णा मागे मागे राहायला लागले. मला वाटलं दमले. पण त्यांचं लक्ष पिवळ्या शर्टाकडे होतं.

"वासंती, तो माणूस बघ. आपण सगळे वर बघतोय. तो खाली बघतोय, बुंध्याकडे. आणि मग पहिली फांदी कुठे फुटलीय तिकडे. फुलं, पाखरं, वेल, कशाकडे बघत नाही."

"मग?"

"मी असाच बघायचो."

त्या गृहस्थांनी एका बेहड्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं आणि कान दिला. अण्णा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हणाले, "किती घनफूट म्हणता?"

"दोनशेच्या वर जाईल," पिवळा शर्ट म्हणाला, आणि मग त्याने जीभ चावली.

दत्ताराम हसले. त्यांना लपवायचं असं काही नव्हतंच. "तुमच्यापासून काय लपायचां, गजाशेट? तुमी त्याच धंद्यातले. देवीचां देऊळ जुनां झालां. कौलां फुटली, खांबांना वाळवी. आता स्लॅबचां बांधायचां, खाली टाइल, वर कळस. देवीला कौल लावला, उजवी पडली. तळीकडची मोठी झाडां तेवढी काढायची. ह्या वाटेला हात नाय लावायचा, पर्यटक यायचे ना."

"आणि कोर्टाची मनाई?"

"आज मिटतां सगळां. तुमाला शाल घातली की मी आणि भार्गव समेटाच्या कागदावर सह्या करतो. सोमवारी दावा मागे."

मी सुर्वेबाईंकडे पाहिलं. त्या दोरीची गाठ घट्ट करत होत्या.

"आमचा फक्त फलक आहे," त्या हळूच म्हणाल्या. "जमीन देवस्थानची. आजवर त्या मनाईमुळे कोणी आत कुऱ्हाड आणली नाही. ती उठली की परवानगीचा अर्ज येईल. देवीचं काम म्हटल्यावर वर कोण अडवणार, तुम्हीच सांगा."

दत्ताराम आणि पाहुणे पुढे निघाले. अण्णा तळीपाशी थांबले. पाणी काळंशार होतं, आणि काठावरची झाडं राईतली सगळ्यात जुनी. एकाच्या मुळावर ते बसले. कोटाला माती लागली, तरी त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

"ही माझी झाडं," ते म्हणाले.

"तुमची कशी?"

"मोजलीत मी. तोडायलाच मोजली, नाही म्हणत नाही. पण गंमत बघ. आयुष्यभर एवढं लाकूड कापलं, त्यातलं एक झाड आठवत नाही. ही नाही कापली, तर झोप येत नसली की हीच उभी राहतात. ह्या वळणावर हा, त्याच्यामागे तो वाकडा." ते मुळावर हात टेकून उठले. मग म्हणाले, "चल. शाल घ्यायला जाऊ."

मला त्यांचा राग आला. ज्या शालीने ही झाडं पडणार, ती घ्यायला हा माणूस कोटाची माती झटकत निघाला होता. मी तसं म्हणालेही.

"शाल चांगली असेल," ते एवढंच म्हणाले.

देवळात गाव जमलं होतं. दोन्ही वाड्या, मधे जाण्यायेण्यापुरती जागा सोडून, दोन बाजूंना. मधे पाटावर तबक. तबकात तपकिरी लोकरीची शाल, नारळ, आणि नारळाखाली दाबून ठेवलेला समेटाचा कागद. भार्गव नलावडे ठेंगणे आणि मितभाषी होते, पण त्या दिवशी हसत होते. शाल कोणी घालायची हा प्रश्न निघाला होता म्हणे, पण तो दोघांनी अगोदरच मोठ्या समजुतीने सोडवला होता. एक टोक चाळक्यांनी धरायचं, एक नलावड्यांनी. दोघांनी मिळून घालायची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पिवळा शर्ट मागच्या खांबाला टेकून उभा होता. त्याने तो खांबही टकटक करून पाहिला.

दोघांनी शाल उलगडली आणि अण्णांच्या मागे आले. अण्णा उभे राहिले, देवीला हात जोडले, आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "एक विचारू का? मी परका माणूस. देवीच्या दारात माझ्या हातून चूक नको व्हायला."

"विचारा की," दत्ताराम म्हणाले.

"उजवा खांदा कोणाकडे?"

"म्हंजे?"

"शालीचं एक टोक उजव्या खांद्यावर येणार, एक डाव्या. देवीचा होकार उजवीकडून येतो, म्हणजे उजवं टोक मानाचं. ते कोणाच्या हातात असायचं, हे गावात पहिल्यापासून ठरलेलं असेलच. मला फक्त सांगा, म्हणजे मी तसं तोंड करून उभा राहतो."

दत्ताराम आणि भार्गव एकमेकांकडे बघायला लागले. गावात शिमग्याच्या होळीचा मान ठरलेला होता, पालखीचा ठरलेला होता, नवरात्रातल्या पहिल्या माळेचा ठरलेला होता. पण देवीच्या दारात परक्या माणसाला शाल आजवर कोणी घातलीच नव्हती.

"ठरलेलां हाय ना," दत्ताराम म्हणाले. "उजवी बाजू वरच्या वाडीची."

"कदीपासून?" भार्गव म्हणाले.

"पालखीचा पुढचा दांडा आमचा हाय."

"दांडा तुमचा म्हणून खांदा तुमचा?"

"भार्गव, पावण्यांसमोर नको."

"पावण्यांनीच विचारलां ना? त्यांना खरां सांगाया नको?"

खालच्या वाडीच्या बाजूने कोणीतरी म्हणालं की, चाळक्यांची नजर पहिल्यापासून उजवीकडेच. वरच्या वाडीच्या बाजूने कोणीतरी त्याला उत्तर दिलं. सुर्वेबाई म्हणाल्या, मी घालते शाल, हवं तर. त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्याने तोडगा काढला. देवीला कौल लावा, तीच सांगेल. गुरव उठला, पाकळ्या भिजवल्या, आणि देवीला साकडं घालायच्या आधी थबकून म्हणाला, "ह्या वादाचां गाराणां आधी कोनाच्या नावानं घालू?"

तिथे सगळं पेटलं. दत्तारामांच्या हातात एक टोक होतं, भार्गवांच्या हातात दुसरं, आणि सोडायला कोणीच तयार नव्हतं. शाल दोघांमधे ताणलेली आणि तिच्यापुढे, ज्याच्यासाठी ती आणली तो माणूस, रिकाम्या खांद्यांनी हात जोडून उभा. नारळ गडगडत पायऱ्यांपर्यंत गेला. समेटाचा कागद कोणाच्या तरी पायाखाली आला. पिवळा शर्ट बाहेर जाऊन फोनवर बोलायला लागला, आणि बोलता बोलता आपल्या गाडीत बसला.

"चला," अण्णा मला म्हणाले. "प्रसादाला थांबायला नको."

आम्ही घाट उतरलो. मघाशी त्यांना जे बोलले होते ते मला टोचत होतं. एका टपरीवर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. पित्तावर लिंबूसोडा घ्यायचे ते.

"लोकरी होती," ते म्हणाले. "मी बोट लावून पाहिलं. आतून मऊ."

"अण्णा, तुम्ही मुद्दाम विचारलंत."

"हो."

"तुम्हाला कसं सुचलं? एका प्रश्नावर एवढं भांडतील हे—"

"सुचलं नाही. माहीत होतं." त्यांनी सोडा संपवला. "तेव्हाही मीच विचारलं होतं."

"तेव्हा म्हणजे?" मी विचारलं.

"त्या वर्षी मी दोन रानं एकदम घेतली होती. हाव. माझे तोड करणारे गडी नदीपलीकडच्या रानात अडकलेले, आणि इथे तोड ठरल्या दिवशी सुरू करायचा करार. माझ्यामुळे उशीर झाला असता तर गावाने ठेका दुसऱ्याला दिला असता. गावामुळे झाला तर माझ्यावर बोल नाही. मला फक्त पंधरवडा हवा होता. म्हणून सकाळी झाडापाशी गेलो आणि विचारलं, पहिला नारळ कोणाच्या हातचा? राई आधी कधी तोडलीच नव्हती, त्यामुळे तो मान ठरलेलाच नव्हता. मला वाटलं, पंधरा दिवस भांडतील, मग दमतील."

"आणि?"

"आणि काय? चाळीस वर्षं दमले नाहीत. माझे गडी पंधराव्या दिवशी हजर झाले होते."

मी हसले. मग ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. घरी पोचल्यावर नितीनने विचारलं, "मिळाली का शाल?" अण्णा म्हणाले, "कसली मिळते! गाव भांडकुदळ आहे ते." आणि कोट परत ट्रंकेत ठेवून दिला.

त्यानंतर काही वर्षांनी ऐन पावसाळ्यात अण्णा गेले. पडवीत त्यांना ठेवलं होतं. माणसं येत होती, पाया पडून बाजूला होत होती. इतक्यात दारात दोन जिपा थांबल्या. एकीतून दत्ताराम चाळके उतरले, दुसरीतून भार्गव नलावडे. दोघंही भिजलेले, दोघांच्याही काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत एकेक शाल. मला भरून आलं. अखेर अण्णांना शाल मिळणार होती, तीही दोन.

दोघं दोन बाजूंनी आले आणि समोरासमोर थबकले.

"घाला ना," नितीन म्हणाला. "दोन्ही घाला."

"घालू हो," भार्गव म्हणाले. "पण आधी कोनाची?"

"आणि आधी घातलेली खाली जानार," दत्ताराम म्हणाले. "वर कोनाची दिसनार?"

नितीनने कपाळाला हात लावला. भटजी घड्याळ बघायला लागले. मग दोघंही माझ्याकडे वळले.

"वयनी, तुमी त्या दिवशी व्हतात," दत्ताराम म्हणाले. "गजाशेटच्या मनात कोन व्हता, कायतरी बोलले असतील तुमच्यापाशी. तुमी सांगाल तां आमी मानू. आता वय झालां आमचां, मिटवून टाकू सगळां."

भार्गवांनीही मान हलवली. दोघांचे चेहरे खरोखरच थकलेले होते. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यांवर पांढरी चादर होती, घरातलीच. एक नाव घेतलं असतं तर तिथे शाल आली असती. देवळातल्या त्या लोकरी शालीला त्यांनी बोट लावून पाहिलं होतं, आतून मऊ म्हणाले होते, आणि मला शाल त्यांच्या अंगावर बघायची फार इच्छा होती. आणि मग तळीकाठचं ते झाड आठवलं, ज्याच्या मुळावर ते कोट मळवत बसले होते. त्याच्यामागे तो वाकडा.

"बोलले होते," मी म्हणाले. "म्हणाले, मान कोणाचा हे करंजकोंडात पहिल्यापासून ठरलेलं आहे."

"मंग? कोनाचा?"

"ते म्हणाले, ज्यांचा आहे त्यांना माहीत आहे."

दोघांनी एकदमच समाधानाने मान डोलावली, आणि मग एकमेकांकडे पाहिलं. आवाज चढायला फार वेळ लागला नाही. भटजींनी मंत्र जरा मोठ्याने म्हटले, आणि अण्णा घरच्या चादरीतच गेले.

राई अजून आहे. दावाही आहे. मागे मी गेले होते तेव्हा फलकाचा रंग उडाला म्हणून एक पेंटर तो पुन्हा रंगवत होता. 'एकजुटीने'पर्यंत आला होता.